घोंगडीचं दुसरं टोक

गुंडाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते घडी घालताना. सोलापूरच्या भवानी पेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि समोरच्या चादरीच्या कारखान्यात तो घड्या घालायच्या कामाला. कोपऱ्याला कोपरा लावायचा, तळहाताने एकदा दाबायचं, बाजूला ठेवायची. कोपरा कधी बाहेर आलेला मी पाहिला नाही. आमच्या पेठेत लोक नवी नोटसुद्धा चुरगाळून देतात, तिथे असा माणूस दिसला की मला बरं वाटतं. वस्तू जमिनीवर लोळलेली मला सहन होत नाही. गुरम्मा, म्हणजे माझी बायको, म्हणते, ‘ह्यांना पुरायला खड्डा खणला तरी आधी उठून त्याचे कोपरे बघतील.’

सोमवारी संध्याकाळी मठात आमच्या मंडळाचं भजन असतं. पेटी माझ्याकडे. एका सोमवारी गुंडा आला आणि चपलांच्या शेजारी बसला. पन्नाशी ओलांडलेला, उंच, काळा, गालफडं बसलेली. भजन संपलं, आरती झाली, प्रसाद खाऊन मंडळी हात पुसत निघून गेली. सतरंजी नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. एवढ्या मोठ्या सतरंजीची एकट्याने घडी घालायची म्हणजे कुस्तीच असते. मी एक टोक उचललं, तर समोरून दुसरं टोक वर आलं. मी झटकली, त्यानेही झटकली. आम्ही एकमेकांकडे चालत आलो, कोपरे जुळले. झाली घडी.

“नाव काय तुझं?”

“गुंडा.”

“गातोस काय?”

“व्हय. म्हंजे, पुढं न्हाय गात. मागं गातो.”

हे मागे गाणं म्हणजे काय, ते मला नंतर हळूहळू कळलं. गुंडाचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडे. जात धनगराची, घरात मेंढरं. बिरुदेव त्याचा थोरला भाऊ. गुंडाने लग्न केलं नाही. भाऊ, वहिनी आणि मेंढरं एवढाच त्याचा प्रपंच. गावच्या बिरोबाच्या जत्रेत देवासमोर ओवी गायचा मान त्यांच्या घराचा. त्यांच्याकडची रीत अशी, की गाणारे फक्त दोघे आणि दोघांच्या खांद्यावर मिळून एकच घोंगडी. एक टोक पुढच्याचं, एक मागच्याचं. पुढचा ओळ उचलतो. मागचा त्या ओळीचे शेवटचे शब्द पकडून लांब ओढतो, म्हणजे झील धरतो. तेवढ्यात पुढचा दम घेतो आणि पुढची ओळ आठवतो. घोंगडीचं टोक ज्याच्या हातात नाही त्याने तोंड उघडायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना. बिरुदेव कायम पुढे आणि गुंडा कायम मागे. पोरवयापासून केस पिकेपर्यंत हेच.

मग एका सकाळी मेंढरं सोडायच्या वेळी बिरुदेव उठलाच नाही. तो गेला, कळप मोडला आणि गुंडा सोलापुरात आला.

मी तोंडाचा फटकळ. एका सोमवारी सतरंजी झटकता झटकता विचारलं, “भाऊ गेला तेव्हा रडलास काय रे?”

“न्हाय.”

“का?”

“आलं न्हाय.” त्याने कोपरा जुळवला. “आण्णा, मांडी घालून लई येळ बसलं की पायाला मुंग्या येत्यात. आन् मग मुंग्या बी जात्यात, नुसता ठोकळा ऱ्हातो. तसं हाय. समदं तसंच हाय.”

हे त्याने सांगितलं ते गाडीची वेळ सांगावी तसं. मला वाटलं, लोक दुःख झाकतात, तसं हाही झाकत असेल. पण तसं नव्हतं. एकदा मी त्याला घरी जेवायला नेलं. गुरम्मा बोलण्याच्या नादात आमटीत दोनदा मीठ घालून बसली. मी पहिला घास घेतला आणि तांब्याच तोंडाला लावला. गुंडाने मात्र दोन वाट्या संपवल्या.

“कशी झालीय आमटी?” गुरम्माने घाबरत विचारलं.

“चांगली हाय की.”

“अरे, खारट नाही लागली?”

“वैनी बी असंच इचारती. मला काय कळत न्हाय.” तो हात धुवायला गेला. गुरम्मा मला कन्नडमध्ये म्हणाली, ह्याला चवच लागत नाही हो. तो गेल्यावर ती रडली. मला रागच आला, पण कोणावर काढावा तेच कळेना, म्हणून तांब्यावर काढला. इतका घासला की चमकला बिचारा.

तर हा माणूस आमच्या भजनात कशाला आला? देवभक्तीसाठी नव्हे. भाऊ गेला त्या वर्षी सुतकामुळे ओवी झाली नाही, ते ठीक. पुढच्या वर्षी गुंडा देवासमोर उभा राहिला. ढोल वाजत राहिले आणि ह्याच्या तोंडातून पहिला शब्दच निघेना. ओवी सगळी पाठ, शेवटच्या अक्षरापर्यंत. पण प्रत्येक ओळीची सुरुवात आजवर दुसऱ्याच्या तोंडून आलेली. ढोलवाले दमले, लोक उठले. पंचांनी सांगितलं, अजून एक जत्रा वाट बघू, नाहीतर मान सयाजीच्या घराला देऊ. सयाजी त्यांच्याच भावकीतला, आवाज बरा, घाई फार. बिरुदेवाची बायको कस्तुराबाई घरी आली आणि तिने ती घोंगडी काही न बोलता ट्रंकेत ठेवून दिली.

“वैनीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” गुंडा म्हणाला. “आण्णा, मला सुरुवात शिकायची हाय. बाकी समदं येतं.”

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! सुरुवात करायला काय लागतं? मी आयुष्यभर भांडणापासून भजनापर्यंत सगळ्याची सुरुवातच करत आलो. मी त्याला पेटीशेजारी बसवलं. सूर दिला. म्हटलं, म्हण. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मंडळी खाकरायला लागली. शेवटी मीच ओळ उचलली. ओळ संपली, आणि ह्याने जी शेपटी धरली ती सोडेचना! तबला पुढे गेला, टाळ पुढे गेले, ह्याचा ‘शिवाऽऽ’ आपला मागेच, मळ्याच्या बांधावर उभा असल्यासारखा.

“अरे, ओढतोस काय? रबर आहे का ते?”

“बरं, आण्णा.”

पुढच्या ओळीला पुन्हा तेच. वैताग आला नुसता. पण सोमवारमागून सोमवार गेले आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ओळ संपल्यावर माझा भात्यावरचा हात आपोआप रेंगाळतोय. त्याची शेपटी पुरी होईपर्यंत थांबतोय. तबलजीही थांबत होता. सवय लागली, दुसरं काय. सुरुवात मात्र आमच्याकडे त्याला जमली नाही ती नाहीच.

मग मी त्याला दस्तगीरचाचाकडे पाठवलं. माझ्या दुकानातली पितळेची भांडी चाचा कल्हई करून देतो आणि गुरुवारी दर्ग्यात कव्वाली गातो. पहिल्याच गुरुवारनंतर चाचा दुकानात हजर. “शिवयोगीभाई, ये आदमी मेरेकू दे देव जी. अकेला चार जनों का आवाज खींचता!” टाळ्या वाजवायच्या, पुढच्याचे शब्द झेलायचे आणि उंच न्यायचे, ह्यात गुंडाला काही शिकवावं लागलं नाही. पण चाचाने एकदा मधोमध बसवून म्हटलं, “चल, तू शुरू कर बे,” तर हा म्हणाला, “तुमीच करा, चाचा.” महिन्याभराने चाचाने त्याला माझ्याकडे परत पाठवला. “गाडी अच्छी है,” तो म्हणाला, “मगर धक्का मारना पड़ता.”

कारखान्यातल्या माग चालवणाऱ्यांच्या तेलुगू भजनातही तो जाऊन बसला. तिथले तर शब्दही त्याला कळत नव्हते, तरी शेपटी बरोबर धरायचा. जिथे गाणं ऐकू येईल तिथे जायचा. पेठेत लोक म्हणायला लागले, काय नाद आहे बघा ह्या धनगराला गाण्याचा! मला ठाऊक होतं, नाद-बिद काही नाही. मी एकदा विचारलं होतं, “इतकी गाणी ऐकलीस, आवडलं कुठलं?”

“समदी सारखीच हायत.”

मला झोंबलं. आमच्या तीन पिढ्यांचं भजन आणि चाचाची टाळ्या पिटायची कव्वाली सारखी? “सारखी कशी रे?”

“समदे सुरुवात करत्यात. कशी करत्यात ते कुनालाच सांगता येत न्हाय.” एवढं बोलून तो कारखान्यात गेला.

जत्रा जवळ येत चालली. शेवटचा उपाय म्हणून मी त्याला महानंदा मॅडमकडे नेलं. ह्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. माझं गिऱ्हाईक. त्यांनी एका हॉलमध्ये कराओके क्लब काढलाय. रविवारी सकाळी निवृत्त मंडळी जमतात, मशीन सिनेमाच्या गाण्याचं नुसतं संगीत वाजवतं, पडद्यावर शब्द उमटतात आणि ही मंडळी माइक धरून गळे काढतात. मला हा प्रकार मुळीच पसंत नाही. वाजवणार मशीन, वाचणार माणूस, ह्यात गाणार कोण? पण बुडत्याला काडीचा आधार.

गुंडाच्या हातात माइक दिला. संगीत वाजलं. पहिली ओळ पडद्यावर उजळत गेली, हा गप्प. ओळीतला शेवटचा शब्द आला तसा ह्याने तो पकडला आणि लांबवला. दुसरी ओळ, तेच. अख्खं गाणं त्याने नुसत्या शेपट्यांचं गायलं. हॉल हसून लोळायला लागला. एका माजी तलाठ्याला चिवड्याचा ठसका लागून पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. गुंडाने माइक पुसला आणि जागेवर ठेवला. त्याला लाजही वाटली नाही. मला मात्र फार वाटली.

मॅडम हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, “गुंडाभाऊ, सुरुवातीआधी तुम्ही कशाची वाट बघता?”

“काय तरी वाटंल म्हनून. आतनं.”

“आणि?”

“काय वाटत न्हाय.”

“मग नका ना वाट बघू. हे बघा, पडद्यावर चार ठिपके आहेत. एकेक विझतो. चौथा विझला की तोंड उघडायचं. मशीन कुणासाठी थांबत नाही. काही वाटलं नाही तरी चालेल.”

गुंडा पहिल्यांदाच कुणाकडे तरी नीट बघत होता. “चालंल? काय वाटाय नको?”

“नको. नुसतं तोंड उघडा.”

त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा भाव, भक्ती, तळमळ असलं काहीबाही सांगत बसलो होतो. त्यानंतर एकही रविवार त्याने चुकवला नाही. आधी चौथा ठिपका विझून गेल्यावर बऱ्याच वेळाने ‘अं’ व्हायचं. मग अर्धा शब्द. एका रविवारी मी हॉलच्या दाराशी चपला सरळ लावत होतो आणि आतून आवाज आला. दुकानात मी भांड्यावर बोटाने टिचकी मारतो. कसदार पितळ लगेच ओळखू येतं, त्याचा नाद वेगळा. तसा आवाज. आत गेलो तर गुंडा जुन्या सिनेमातलं एक रडकं गाणं पहिल्या शब्दापासून गात होता. कुणी हसलं नाही. तलाठ्याने चिवडा खाली ठेवला होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आलं, आण्णा.”

“काय वाटलं?”

“काय न्हाय.”

“बरं, आता तुमची ती ओवी म्हणून दाखव बघू एकदा.”

“ती हितं न्हाय म्हनायची. देवाम्होरंच.”

म्हणजे तालीम न करताच गडी जत्रेला निघाला. मी, गुरम्मा आणि मॅडम त्यांच्या गाडीतून मागोमाग गेलो. चाचाला लग्नाची सुपारी होती.

कस्तुराबाईंचं घर देवळाजवळच. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी ट्रंक उघडून घोंगडी काढली. कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. काळी, जाड, एका कडेला बिरुदेवाच्या खांद्याने गुळगुळीत झालेली. ती गुंडाच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, “बघा, भावजी.” एवढंच. मग आमच्यासाठी वेगळी आमटी करायला चुलीकडे गेल्या, कारण आम्ही मटणाला शिवत नाही.

दिवस कलताना देवळापुढे माणसं गोलात बसली. भंडारा उधळून जमीन पिवळी झालेली. ढोलवाले उभे, झांजवाले उभे, सयाजी पंचांच्या शेजारी फेटा सावरत. कस्तुराबाई बायकांच्या पुढे येऊन बसल्या. गुंडा मधे गेला. त्याने घोंगडी डाव्या खांद्यावर घेतली, जशी तो आयुष्यभर घेत आला तशी, मागच्याने घ्यायची तशी. उजवीकडची निम्मी घोंगडी घसरली आणि भंडाऱ्यात, धुळीत पडली. माझा हात शिवशिवला. गुरम्माने तो दाबून धरला. “गप बसा हो,” ती म्हणाली.

ढोल एका लयीत आले. गुंडाने डोळे मिटले. चार ठोके पडले. त्याला ठिपके दिसत असणार, मी पैजेवर सांगतो. चौथा ठोका पडला आणि त्याने तोंड उघडलं.

“उगवतीच्या माळावरनं देव माझा निघाला गाऽ, वाट बघत्यात मेंढरंऽ...”

गोलातून एक हुंकार उठला. मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलले आणि थांबवले. ओळ पुरी झाली होती. ढोल एक फेरा फिरून आले. दुसरा फेरा फिरून आले. गुंडा उभाच. तो उजवीकडे बघत होता, मग मागे. झील कुणी धरली नव्हती. कुणी धरणारही नव्हतं, कारण टोक कुणाच्या हातात दिलेलंच नव्हतं. ते द्यायचं असतं, हे ह्या माणसाला सुचलं नव्हतं. आयुष्यभर त्याला ते मिळत आलं होतं. मशीनपुढे गाताना कळलंही नाही, तिथे बाकीचं सगळं मशीन करायचं.

नंतर तो मला म्हणाला, “मला वाटलं व्हतं, दादा न्हाय म्हनून अडलंय. म्हनून मी पुढचा झालो. आन् मागं बघतो तर तितं मी बी न्हाय.”

त्याचा चेहरा आधी नुसता हलला. मग तो रडायला लागला. उभ्या उभ्या, तोंड उघडं ठेवून, मोठ्याने. डोळ्यांना हातही लावला नाही. जत्रेत हात सुटलेलं पोर रडतं तसा पन्नाशीचा माणूस रडत होता आणि अख्खा गाव रीत म्हणून गप्प बसला होता. पंच एकमेकांकडे बघायला लागले. सयाजी उठून उभा राहिला.

आता मी जे केलं ते विचार करून केलं असं मी म्हणणार नाही. मला ते रडणं बघवेना आणि काय करावं ते कळेना. डोळ्यांपुढे फक्त ती घोंगडी होती, धुळीत लोळणारी. मी गुरम्माचा हात सोडवला, गोलात गेलो, ते टोक उचललं, झटकलं, आणि घोंगडी ताणली जाईपर्यंत मागे सरलो. कोपरे समोरासमोर आणले. दर सोमवारी करतो तसंच.

ढोलावर दणका पडला. “धरली! धरली!” कुणीतरी ओरडलं.

“काय धरली?” मी म्हटलं.

कस्तुराबाई उठल्या होत्या. “टोक धरलंय त्येंनी. आता झील त्येंचीच.”

“अहो बाई, मी घडी घालत होतो.”

“घडी मागनं घाला, आण्णा. आदी झील धरा की!”

गुंडा माझ्याकडे बघत होता. नाक वाहत होतं. मी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते ठाऊक होतं, ओळीचे शेवटचे शब्द. किती ओढायचं तेही ठाऊक होतं. वर्षभर पेटीवर हात थांबवून तेच तर ऐकत आलो होतो. “वाट बघत्यात मेंढरंऽऽ...” सूर ओवीचा नव्हताच, आमच्या मठातला होता. मधे फाटलाही. गुरम्मा अजून म्हणते, गाय हंबरल्यासारखं वाटलं. पण मी सोडला नाही. गुंडाला दम घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा धरून ठेवला, आणि मला रडू येत होतं तरी धरून ठेवला.

त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि दुसरी ओळ उचलली. ह्या वेळी डोळे उघडे होते.

अंधार पडेपर्यंत ओवी चालली. माझा घसा गेला तो आठवडाभर आला नाही. मान घरात राहिला. सयाजीने स्वतः येऊन माझ्या कपाळावरच्या विभूतीवर भंडारा लावला आणि म्हणाला, “आवाज काय खास न्हाय तुमचा.” खोटं कशाला बोला.

मग गुंडाने आणि मी घोंगडीची घडी घातली आणि जेवायला बसलो. तो मटण सोडून आमच्या पंगतीला बसला होता. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. त्याने भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला.

“वैनी,” तो म्हणाला, “मीठ लई पडलंय.”

कस्तुराबाईंच्या हातातली पळी पातेल्यात पडली. गुरम्माने माझा गुडघा आवळला.

“काय म्हनला, भावजी?”

“आमटी लई खारट झालीया.”

त्यांनी तोंडाला पदर लावला आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. मी आमटी चाखून बघितली. खरंच खारट होती. मी दोन वाट्या घेतल्या.